नऊ चौरस मीटर

घर पाहायला गेली त्या दिवशी तिच्या पर्समध्ये मोजायचा टेप होता, आणि तो तिने बाहेर काढला नाही. आता ही बाई कोण, तर दातांच्या कवळ्या बनवणारी. दिवसभर मेण, प्लास्टर आणि केसाएवढे फरक. कवळी जरा टोचली की गिऱ्हाईक ती परत आणून आपटतं, म्हणून प्रत्येक माप तीनदा घ्यायचं आणि मगच लिहायचं, ही सवय हाडीमाशी खिळलेली. पण परक्या देशात, परक्याच्या घरात, एजंट समोर हसत उभा असताना भिंतीला टेप लावायचा म्हणजे तुझ्यावर माझा विश्वास नाही असं तोंडावर सांगणं. तिला संकोच वाटला. एजंट म्हणाला, "छोटी खोली नऊ चौरस मीटर भरते," आणि हिने मान डोलावून सही करून टाकली.

त्या नऊ चौरस मीटरवर तिची मुलगी अडकली होती. ठकी सात वर्षांची, मायदेशी आजीजवळ. वडील नाहीत. मुलीला आणायचं तर तिच्यासाठी वेगळी खोली हवी, खिडकीची, निदान नऊ चौरस मीटरची, असा त्या परक्या देशातल्या परवाना-कचेरीचा नियम. कचेरीचा माणूस तीन महिन्यांनी येऊन मोजणार, आणि कमी भरली तर पुढचा अर्ज वर्षाने. गेल्या वर्षात ठकीचे समोरचे दोन दात पडले, ते हिने फोनवर पाहिले. जगाचे दात बसवते आणि पोटच्या पोरीचा पडलेला दात हातात घ्यायला मिळाला नाही, याचं तिला फार वाईट वाटायचं.

राहायला आल्यावर पहिल्याच रविवारी तिने खोली मोजली. साडेसात. पुन्हा मोजली, तिसऱ्यांदा मोजली. साडेसातच. एजंटला फोन लावला तर तो म्हणाला, "सही झाली आहे, बाई." घर सोडावं तर अनामत बुडणार, आणि दुसरं घर घ्यायला गाठीला ठकीच्या तिकिटापलीकडे काही उरलं नव्हतं.

त्यात वरकड खर्च सुरू झाले. भाड्यात काय काय येत नाही त्याची यादी वाचताना धाप लागावी. जिना पुसण्याचे वेगळे, कचऱ्याचे वेगळे, टपालपेटीवर नावाची पट्टी लावली तिचे वेगळे. कुरकुरत का होईना, तिने भरले. पण हीटरचं पहिलं बिल आलं तेव्हा तिचं डोकंच फिरलं. प्रत्येक खोलीच्या हीटरवर एक पांढरी डबी बसवलेली, तिच्यात किती ऊब वापरली त्याचा आकडा. मोठ्या खोलीत ती झोपायची, तिथला आकडा माफक होता. छोटी खोली बंद, तिथल्या हीटरचा गरम पाण्याचा नळही घट्ट पिळलेला, आणि आकडा मोठ्या खोलीच्या तिप्पट.

ती त्या खोलीत गेली. हीटरला हात लावला तर लोखंड गार पडलेलं. खोली मात्र उबदार होती. कोणी नुकतंच उठून गेल्यावर अंथरुणात राहते तेवढी ऊब, चारी भिंतींना, छताला, खिडकीच्या काचेलासुद्धा. बाहेर रस्त्यावर लोक कान झाकून चालले होते.

इमारतीची देखभाल करणारा एक वयस्कर माणूस होता. डब्यांचे आकडे तोच उतरवून न्यायचा. तो आला तेव्हा ही कंबर कसून उभीच होती.

"आत येऊन बघा. नळ बंद आहे."

"बंदच असतो," तो म्हणाला. उंबऱ्याच्या आत त्याने पाऊल टाकलं नाही, बाहेरूनच मान लांब करून आकडा वाचला.

"मग मी कशाचे पैसे भरायचे?"

त्याने वही मिटली. "तुमच्या आधीच्या भाडेकरूने नाही भरले. खूप भांडला. जिंकलासुद्धा."

"मग झालं तर."

"त्याने आत कपाट ठेवलं होतं. सगळं माफ झाल्यावर ते कपाट दारातून बाहेर निघेना. फिरवायलाच जागा उरली नव्हती. शेवटी करवतीने कापून काढलं." वही काखेत मारून तो म्हणाला, "मी फक्त आकडे वाचतो, बाई."

कामावर तिच्या शेजारच्या टेबलावर एक काका बसायचे, आपल्याकडचेच, तीस वर्षं त्या देशात मुरलेले. त्यांनी बिल पाहिलं आणि चष्मा कपाळावर चढवला. "अगं, हे चक्क लुबाडणं आहे. मी तक्रार लिहून देतो. डोळे झाकून जिंकशील." त्यांनी जेवणाच्या सुट्टीत ती लिहूनही दिली, अक्षर टपोरं, मुद्दे बिनतोड. फक्त सही बाकी होती.

घरी येऊन ती तो कागद घेऊन छोट्या खोलीत बसली. भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. मापावर होता. तरी तिने भिंतीला पाठ टेकली आणि तिला बरं वाटलं, वर्षभरात पहिल्यांदाच. मग तिने ठकीच्या तिकिटासाठी बाजूला ठेवलेले पैसे काढले आणि बिल भरलं. तक्रारीच्या कागदावर तिने सामानाची यादी केली.

रविवारी तिने टेप लावला. आठ.

टेप खोटा असेल म्हणून तिने कामावरची, कवळ्यांच्या प्रयोगशाळेतली पोलादी पट्टी आणली. तीनदा मोजलं. आठ.

दुसरं बिल पहिल्याच्या दीडपट आलं. ती शनिवारीही कामाला जाऊ लागली, जादा कवळ्या घासल्या, आणि आलं त्या दिवशीच बिल चुकतं केलं. साडेआठ.

"काय गं, हल्ली खुशीत दिसतेस," काका म्हणाले. "तक्रारीचं काय झालं?"

"मिटलं काका ते," ती म्हणाली.

तिसरं बिल भरलं त्याच्या तिसऱ्या दिवशी कचेरीचा माणूस आला. पायातले बूट काढून तो खोलीत शिरला, टेप सोडला, ओढला, लिहिलं.

"नऊहून जरा जास्तच आहे," तो म्हणाला. "छान ऊब आहे इथे."

त्याने शिक्का मारला. तो गेल्यावर ती दाराला टेकून पोटभर रडली.

ठकी आली. दोन नवे दात घेऊन आली. खोलीच्या मधोमध उभी राहून तिने दोन्ही हात पसरले आणि गिरकी घेतली.

"आई, एवढी मोठी खोली माझी एकटीची?"

"तुझीच, बाळा."

ठकीने बूट काढले, गालिच्याविना नुसत्या फरशीवर झोपली आणि लगेच गाढ झोपी गेली. आईने तिच्या केसांवरून हात फिरवला. इतकं सुख तिला झेपत नव्हतं.

महिन्याभराने मोठ्या खोलीत झाडताना कॉटच्या पायथ्याशी कुंचा अडला. कॉट भिंतीला टेकली होती. ती आणली तेव्हा मधून माणूस जात होता.

तिने मोजलं नाही.

बिल आलं, तिने भरलं. ठकी भराभर वाढत होती, तिच्या खोलीत टेबल आलं, मग पुस्तकांचं कपाट, मग शाळेतल्या मैत्रिणींचा गोंधळ. त्यांचं हसणं भिंतीपलीकडून ऐकताना ती सुखावायची. कॉट तिने विकून टाकली आणि गादी तिरकी घातली. नंतर गादी दारात अडू लागली, आणि दार आत उघडेनासं झालं.

तिने देखभालवाल्या म्हाताऱ्याला बोलावलं. "हे दार बाहेरच्या बाजूला उघडेल असं करून द्याल का?"

त्याने का म्हणून विचारलं नाही. चौकटीच्या बाहेरच्या अंगाचा रंग त्याने नखाने खरवडला. खाली बिजागरीच्या खिळ्यांची भोकं आधीपासूनच होती, पुट्टी भरून बुजवलेली, एकाशेजारी एक, चार वेळची.