जोडीव माणसं

हसिना गेल्याचं कळलं त्या दिवशी अलाउद्दीन पौडच्या बाजारात एका लग्नघरच्या पातेल्याला कल्हई लावत होता. गुरुवार होता. पातेलं चांगलं तापलं होतं आणि कथलाची कांडी त्याने नुकतीच तळाला टेकवली होती. तेवढ्यात कुशाबा नावाडी समोर येऊन उभा राहिला. त्याच्या धोतरातून पाणी गळत होतं. ते ओघळत भट्टीपर्यंत आलं तरी तो बाजूला सरला नाही.

"मेस्त्री, भाता थांबवा."

"पातेलं वाया जाईल की."

"जाऊ द्या," कुशाबा म्हणाला.

धरणाच्या मधोमध होडी उलटली होती. वारा नव्हता, काही नव्हतं. होडीत सात माणसं होती, त्यातली सहा काठाला लागली. हसिनाच्या हाताला पलीकडच्या वाड्यांतून आणलेल्या भांड्यांचं गाठोडं होतं, त्याची दोरी तिने मनगटाला गुंडाळली होती.

"गठुडं सोड म्हनून वरडलो मी," कुशाबा म्हणाला. "न्हाई सोडलं. म्हनाली, लोकांची भांडी हायेत."

अलाउद्दीनने मान हलवली. ती तसंच म्हणणार, हे त्याला ठाऊक होतं. बावीस वर्षं नवरा-बायको दोघांचा धंदा तसाच चालला होता. तो भट्टीपाशी बसायचा, ती वाड्यावाड्यांतून भांडी गोळा करून आणायची आणि नेऊन द्यायची. बाकीचे कल्हईवाले भांड्याच्या कडेला खिळ्याने खूण ओढत. हसिनाने कधी ओढली नाही. ती भांड्यावरून अंगठा फिरवायची आणि पोच्यावरून मालकीण सांगायची. एक पातेली होती, तिच्या काठाला तीन बोटं मावतील एवढा पोचा होता. "धोंडाबाईची," हसिना सांगायची. "नवऱ्याच्या डोक्यात घातली व्हती, तवाचा हाय. डोकं बरं झालं, पातेली न्हाई झाली."

आठ दिवस लोकांनी गळ टाकून पाहिले. हसिना सापडली नाही. भाऊबंद म्हणाले, चार माणसं बोलावून दुवा तरी मागू. अलाउद्दीन म्हणाला, "आधी ती दाखवा, मग मागू." पुन्हा कुणी विचारलं नाही.

त्यानंतर दीड वर्ष गेलं. साठ सालच्या वैशाखात धरणाचं पाणी कधी नव्हतं एवढं मागे हटलं. अलाउद्दीनने भाता, कोळसा, कथील, नवसागर असं सगळं सामान गाढवावर घातलं आणि तो काठावर जाऊन राहिला. वाड्यांचं काम जवळ पडतं, असं तो लोकांना सांगे. खरं म्हणजे होडी उलटली ती जागा तिथून दिसत होती.

पाणी हटल्यावर तिथे बुडालेल्या गावाची जोती उघडी पडत. गाळ वाळून त्याला भेगा गेलेल्या असत. मधूनच एखादा उंबरा दिसे, दगडात कोरलेलं उखळ दिसे. दोन्ही बाजूंना दगड लावलेला एक रस्ता उतरत उतरत सरळ पाण्यात जाई. दुपारी उन्हाने सगळं पांढरं होई. मग पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते समजत नसे, आणि त्या रस्त्याने चालत गेलं तर माणूस आभाळात पोचेल असं वाटे. त्या रस्त्याच्या तोंडाशीच अलाउद्दीनने खड्डा खणून भट्टी लावली, आणि वर काठ्या रोवून गोणपाट ताणलं.

तिसऱ्या दुपारी त्याचा डोळा लागला. जाग आली तेव्हा भट्टीजवळ एक पातेली होती. ओली होती, आत गाळ होता. तो गाळ काढायला गेला आणि त्याची बोटं काठावरच्या पोच्यात बसली. तीन बोटं.

पातेली त्या गाठोड्यातली होती.

मग त्याने चिंच भिजवली, राख घेतली, पातेली घासली आणि तिला कल्हई लावली. कल्हईवाल्यापुढे भांडं आलं तर तो दुसरं काय करणार? पातेली त्याने पालथी घालून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती तिथेच होती, शेजारी आणखी दोन भांडी होती. पाण्यातून येणारी आणि पाण्यात जाणारी पावलं गाळात उमटली होती. उजव्या पावलाची पाच बोटं नीट दिसत होती. डावं पाऊल गोल होतं, तांब्याचं बूड टेकवल्यासारखं.

तो भित्रा माणूस नव्हता. कुणा कोळ्याच्या जाळ्यात भांडी आली असतील असं त्याने मनाशी धरलं. पण कोळ्याने ती मोडीत घातली असती, आणून ठेवली नसती, हेही त्याला कळत होतं.

पाचव्या दिवशी जे आलं ते भांडं नव्हतं. तो कोपरापासून खालचा डावा हात होता, तांब्याचा. पत्रा कांद्याच्या पातीसारखा पातळ होता, आणि जोड कुठे मारलाय ते पारखी माणसालाही सापडलं नसतं. आत नळ्या होत्या, बोटांच्या टोकांपर्यंत गेलेल्या. नळ्यांच्या आतली कल्हई मात्र झिजून गेली होती. एखाद्या देवळातला असेल, असं तो मनात म्हणाला. पण देवाच्या हाताला आतून कल्हई कोण लावतं?

तरी त्याने तांब्याची वस्तू जशी करतात तशीच ती केली. चिंचेचं पाणी नळ्यांतून फिरवलं, राखेने घासलं, पुन्हा चिंच. चिंचेचं पाणी तळहातात उतरलं तेव्हा त्या हाताची बोटं मिटली. हळूहळू मिटली, झोपलेल्या बाळाची मिटतात तशी, आणि अलाउद्दीनचा अंगठा त्या मुठीत राहिला. सांधे उन्हाने आवळले असतील म्हणत त्याने अंगठा सोडवून घेतला. मग हात तापवला, नवसागर टाकला, पांढरा धूर निघाला, आणि कथील असं पसरलं की आयुष्यात तशी कल्हई त्याच्या हातून झाली नव्हती.

सहाव्या दुपारी हात तिथे नव्हता. गोणपाटाच्या सावलीत एक म्हातारी बसली होती. तिचा पदर ओला होता.

"तुमीच का कल्हईवाले?"

"व्हय. तुमी कुटल्या, आजी?"

"मी चंद्राबाई. खालच्या गावची." तिने हनुवटीने पाणी दाखवलं.

ती श्वास घेई तेव्हा छातीत बारीक आवाज होई, कातडं ताणून सैल सोडल्यासारखा. तो ऐकतोय हे पाहून ती हसली. "ह्यो भाता तुमच्यापरीस बरा हाय. तुमचा लई रडतोय. चरबी लावत जा त्येला."

अलाउद्दीनला हसू आलं नाही. तिचा डावा पाय लुगड्याखालून दिसत होता. घोट्याखाली तो गोल होता.

"आमी जोडीव माणसं," ती म्हणाली, जशी एखादी आपलं माहेर सांगते. "आमच्यात मूल अर्धंच जन्मतंय. कुनाला हात नसतोय, कुनाला छातीचा पिंजरा. ऱ्हायलेलं तांबट घडवतो. मग मांस वाढंल तसं तांबं बी वाढतंय, नखानखानं."

"कधीपास्नं असं?"

"माझी आजी सांगायची, पयल्या तांबटाला पोर झालं ते बिनहाताचं. त्यानं हात करून जोडला. त्या पोराला पोर झालं, ते बी बिनहाताचं. मग करतच ऱ्हायले." तिने ओला पदर चाचपला. "धरन झालं तवा समदी गावं उठली. आमाला कोन जागा देनार? बसून ऱ्हायलो. पानी चढलं. खरं सांगू का, पान्यात बरं वाटलं. उन्हात तांबं लई भाजतंय. आत्ता बी ह्यो पदर वाळंपतुरच मी हाय."

अलाउद्दीनने तांब्यातलं पाणी तिच्या पदरावर ओतलं. तिने मान हलवली.

मग तिने आजार सांगितला. जोडीव माणसाचं रक्त तांब्यातून फिरतं. आतली कल्हई झिजली की रक्त कळकतं, आणि रक्त कळकलं की माणूस विसरायला लागतो. आधी परक्यांची नावं जातात, मग घरच्यांची, मग स्वतःचं. खाली त्यांचा एक कल्हईवाला होता. त्याचीच कल्हई गेली आणि तो कल्हई कशी लावतात ते विसरला. हे सांगताना तिला पुन्हा हसू आलं.

"आनि आंबट चालत न्हाई," ती म्हणाली. "एक थेंब आत गेला तर कल्हई कितीबी चकचकीत असू द्या, खालनं हिरवं चढतंय. खांद्याला, मग गळ्याला, मग डोक्यात. त्येला इलाज न्हाई. म्हंजे एकच हाय. राखंनं घासून कल्हई पुन्यांदा लावायची. पन हिरवं चढलं की सांधा सुटत न्हाई. अंगावरच लावाय लागती."



"कालचा हात कुनाचा व्हता, आजी?"

"वरनं आली त्या बाईचा. दोरीनं मनगट गेलं व्हतं तिचं, गठुडं सोडंना. तांबटानं कोपरापास्नं नवा केला. त्येच्यापाशी कल्हईला कथील व्हतं ते जुनं, टिकलं न्हाई. आता तिला इसर पडाय लागलाय. भांडी तेवढी इसरली न्हाई. तिनंच एकेक धाडलं, काम कसं हाय बघा म्हनून. आनि काल हात काडून दिला. रातीच घालून बी घेतला." ती पुढे वाकली. "तुमी घासला कशानं?"

चिंचेचं मडकं त्याच्या गुडघ्यापाशीच होतं.

चंद्राबाईने ते पाहिलं. ती रागावली नाही. उठली, मडक्यापासून लांबून वळसा घेऊन रस्त्याला लागली, आणि पाणी गळ्याशी आल्यावर म्हणाली, "उद्या धाडते."

त्या दुपारनंतर त्याने मडकं उचललं, डोंगराच्या बाजूला अर्धा कोस चालत गेला आणि तिथे खड्डा करून पुरलं. राखेने हात सात वेळा धुतले. नवी राख चाळून ठेवली.

दुसऱ्या दिवशी ऊन पांढरं झालं तेव्हा हसिना आली.

रस्त्याने चालत आली. आधी डोकं, मग खांदे, मग होडीत बसताना नेसलेलं तेच लुगडं. बाजारातून परत येत असावी तशी, घाई न करता.

भात्याच्या डाव्या बाजूला, नेहमीच्या जागी बसली. त्याच्याकडे पाहिलं नाही. पालथी भांडी पाहिली. एक उचललं, अंगठा फिरवला.

"धोंडाबाईची."

दुसरं उचललं. "रत्नाबाईची."

मग तिने त्याचा हात हातात घेतला. तळहातावर जुना भाजल्याचा वण होता. तिचा अंगठा त्यावरून गेला, परत आला, थांबला.

"हे कुनाचं?" तिने विचारलं.

"पौडचं," तो म्हणाला.

"पोचं लई हायेत ह्येला," ती म्हणाली आणि हसली. हसणं तिचंच होतं.

कोपराच्या वर, कातडी सुरू होते तिथे, हिरवी रेघ होती. दोन बोटं रुंद.

तिने डावा हात भट्टीच्या कडेवर ठेवला. "लावा कल्हई."

त्याने राखेने घासलं. बोटं मिटली नाहीत. कथील काढलं, नवसागर काढला, कापूस पिंजून ठेवला. मग त्याने भात्याला हात घातला.

गार तांब्यावर कथील बसत नाही.

"तापवा," ती म्हणाली. "मला काय व्हत न्हाई."

त्याने भाता चालवला. तांब्याचा रंग बदलायला लागला. तिचा चेहरा होता तसाच होता. फक्त उजव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं, आणि ते वाहतंय हे तिला ठाऊक नव्हतं. केस जळल्यासारखा वास आला.

त्याने भाता थांबवला.

"पातेलं वाया जाईल की," हसिना म्हणाली.

"जाऊ द्या," तो म्हणाला.

तिने डावा हात भट्टीवरून उचलला. मग पदर चाचपून पाहिला, तो वाळला होता. उठून रस्त्याने गेली.

भांडी त्याने स्वतः घरोघर पोचवली. धोंडाबाईने पातेली हातात घेतली, उन्हात धरून पाहिली आणि म्हणाली, "लई दिस लावलेत, मेस्त्री." एवढंच.

त्याला आता चार वर्षं झाली. दर वैशाखात तो रस्त्याच्या तोंडाशी भट्टी लावतो. कुशाबा येता-जाता विचारतो, "भांडं तर एक बी दिसत न्हाई, मग भाता कशापायी?" अलाउद्दीन भात्याला चरबी लावत बसतो. भाता आता रडत नाही.

हसिना येते. हिरवं गेल्या साली गळ्याला होतं, यंदा कानाच्या पाळीपाशी आहे. धोंडाबाईकडून तो पातेली मुद्दाम मागून आणतो. यंदा हसिनाने ती घेतली, तीन बोटं पोच्यात घातली आणि तशीच बसून राहिली. नाव घेतलं नाही. मग पातेली खाली ठेवून डावा हात भट्टीच्या कडेवर ठेवला.

कोळसा फुललेला आहे. राख चाळलेली आहे. कथील आहे, कापूस आहे. कल्हई लावायची राहिली आहे.