डाळिंबाच्या सालीचा डाग

"हा उद्योग कुणाचा?"

रंगशाळेच्या अंगणात थोरलीने ओलं कापड दोन्ही हातांनी उंच धरलं. फिक्क्या गुलाबी रंगासाठी तुरटी देऊन मागच्या हौदात भिजत ठेवलेलं ते पांढरंशुभ्र कापड... आणि त्याच्या मधोमध हा पिवळाजर्द ओघळ! पिढ्यान्पिढ्या कापड रंगवणाऱ्या त्या घरात हा रंग ओळखायला कुणाला चष्मा लागत नव्हता. डाळिंबाची साल!

दारातल्या खुर्चीवर बसलेल्या धाकटीने मान खाली घातली. सकाळी काढ्याचा पेला नेहमीसारखा त्या एरवी रिकाम्या हौदात ओतताना आत कापड आहे हे तिला दिसलंच नव्हतं.

धाकटीचा गाठ आलेला स्तन काढून झाला होता, आता सलाइनमधून औषध चालू होतं. डोक्यावरचे केस गेले, जिभेची चव गेली, आणि भरीस भर म्हणून थोरल्या जावेची माया अशी काही उतू गेली की तिच्यापुढे आजार परवडला! पहाट झाली की सालींचा काढा चुलीवर चढे. त्यात कसल्या कसल्या पानांची भुकटी पडे आणि घट्ट, काळसर, कडूजहर पेला धाकटीच्या हातात येई. थोरलीचं म्हणणं साधं होतं... जी साल कापडाचा रंग उन्हात उडू देत नाही, ती माणसाला कोमेजू देईल होय?

डॉक्टरीणबाईंनी मात्र आधीच बजावलं होतं. "हे औषध पेशींवर ऑक्सिडेशनचा ताण आणतं, गाठीच्या उरल्यासुरल्या पेशी मारण्याचं त्याचं एक हत्यार तेच आहे. झाडापाल्यातली अँटिऑक्सिडंट्स तो ताण कमी करतात. जेवणातली फळं, भाज्या खुशाल खा. पण घट्ट अर्क, गोळ्या, भुकट्या आत्ता नकोत. तुमच्याबरोबर त्या पेशींनाही आडोसा मिळू शकतो. मिळेलच असं छातीठोक कुणी सांगणार नाही, पण ही जोखीम मी घेऊ देणार नाही."

धाकटीने हे घरी सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं, तेव्हा थोरलीच्या डोळ्यांना धार लागली. नवरा म्हणाला, "घे ना दोन घोट, वहिनीचं मन राहील." सासऱ्यांचं मत घरात कुणी विचारत नसे, म्हणून ते नेहमी देत. ते म्हणाले, "फळाची साल ती! तिने कुणाचं वाईट झालंय?" तेव्हापासून तोंड दाबून बुक्क्यांचा मार चालला होता. पेला हसून घ्यायचा, आणि हौद गाठायचा.

पण आज... आज तिला लपायचा वीट आला.

"मी ओतला," ती उभी राहून म्हणाली. "आजचाच नाही. रोजचा!"

थोरलीच्या हातातलं कापड खाली आलं. "रोजचा? अगं, साली सोलून सोलून माझी बोटं फाटली गं! माझ्या हातचं तुला विष वाटलं?"

"वहिनीची माफी माग," नवरा म्हणाला.

"नाही मागणार!" तिचा आवाज इतका चढला की तिची तीच दचकली. "कापड नासलं त्याची हवी तर मागते. काढा ओतला त्याची कधीच नाही! तुम्हा सगळ्यांची मनं राखायला मी जीव द्यायचा का? हे शरीर माझं आहे. कापलेलं, बोडकं, कसंही असो... माझं आहे!"

"माझी आई याच दुखण्यानं गेली," थोरली हुंदका गिळत म्हणाली. "तिच्यासाठी मला काही म्हणता काही करता आलं नाही. निदान तुझ्यासाठी तरी..."

धाकटीला भडभडून आलं. याच बाईने तिला या अंगणात हाताला धरून रंग शिकवला होता! पण आता विरघळून चालणार नव्हतं. तिने कापड उचलून तो पिवळा ओघळ थोरलीसमोर धरला.

"ताई, एक सांगा. जुना रंग उतरवायला कापड सोड्यात उकळता, तेव्हा त्यात तुरटी टाकता?"

"वेडी का तू?" थोरली रडता रडता फणकारली. "तुरटी टाकली तर रंग धरून बसेल! उतरेल कसा..."

आणि ती थांबली. तिची नजर कापडावरून धाकटीच्या सपाट झालेल्या छातीकडे गेली, तिथेच खिळली.

"दवाखान्यात माझाही जुना रंग उतरवतायत, ताई," धाकटी हळूच म्हणाली. "तुमची माया त्यात तुरटी टाकतेय."

 थोरली तशीच वळून आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. दिवसभर ती बाहेर आली नाही. दुसऱ्या पहाटे चूलही पेटली नाही. आपलं खरं ठरलं, पण आपलं माणूस गेलं, असं वाटून धाकटी उशीत तोंड खुपसून पोटभर रडली. रडली, पण पश्चात्ताप म्हणून तिला शिवला नाही!

दवाखान्याची वेळ झाली. ते डागाळलेलं कापड अंगणाच्या कोपऱ्यात तसंच पडलं होतं. तिने त्याची एक पट्टी टर्रकन फाडली, डोक्याला बांधली, पिवळा ओघळ ऐन कपाळावर येईल अशी. बघू दे सगळ्यांना!

फाटकाशी थोरली चपला घालून उभी होती. डोळे सुजलेले, हातात डबा.

"काय आहे त्यात?" धाकटीने ताठ मानेने विचारलं.

"डाळिंबाचे दाणे. नुसते." थोरलीने झाकण उघडून दाखवलं. "आधी तुझ्या डॉक्टरीणबाईंना विचारीन. नको म्हणाल्या तर तिथेच बसून मी खाईन."

धाकटीला हसू आलं आणि डोळेही भरून आले. थोरलीने हात वर करून तिच्या पट्टीची सैल झालेली गाठ सोडली, पुन्हा बांधली, आणि डागावरून फाटलेलं बोट फिरवलं.

"रंग मात्र बेष्ट बसलाय हो," ती म्हणाली. "चल, उशीर होतोय."