बंदरकचेरीपर्यंतची वाट

"दोन पायऱ्या वर बसा, बाई. पाणी येतंय."

चंद्रभागेनं मान वर केली. महाडच्या बंदरावर, घाटाच्या अगदी खालच्या पायरीशी ती वडिलांचा सदरा धूत होती. वरच्या पायरीवर छत्री धरून एक तरुण उभा होता.

"येतंय कुठून? नदी खालीच जाते की," ती म्हणाली.

"इथं दिवसातून दोनदा वरही येते. समुद्राची भरती दासगाव ओलांडून थेट इथवर चढते."

तिला ते खरं वाटलं नाही. ती उमरठच्या डोंगरातली. आजवर नदी तिनं एकाच दिशेनं जाताना पाहिली होती. ती हट्टानं तिथंच बसून राहिली... आणि बघता बघता पायरी बुडाली, पावलं बुडाली, सदरा हातातून सुटून चक्क उलट्या दिशेनं तरंगत निघाला. त्या तरुणानं गुडघाभर पाण्यात उतरून तो धरला, तेव्हा ती हसत होती. आठ दिवसांत पहिल्यांदाच.

तो छप्पन सालचा भाद्रपद होता. आभाळ धड कोसळत नव्हतं, धड उघडत नव्हतं. चंद्रभागेचे वडील, सोनबा, पोटात पाणी झालं म्हणून महाडच्या दवाखान्यात खाटेवर पडून होते. आई चार वर्षांपूर्वीच गेलेली. बनू आणि रखमा या धाकट्या बहिणींना शेजारणीच्या ओटीत टाकून ती एकटीच वडिलांपाशी राहिली होती. रोज दुपारी चार ते सहा या वेळात नातेवाइकांना बाहेर काढत. मग जायचं कुठं? ती नदीवर यायची.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा भेटला. त्याचं नाव मुरारी. गाव पोलादपूर. बंदरकचेरीत तो कारकून होता. खुणा केलेली काठी बुडवून पाण्याची खोली मोजणं हे त्याचं रोजचं काम. पण नदीत गाळ इतका साचला होता की गलबतं आता दासगावहूनच माघारी फिरत. दिवाळीनंतर कचेरी बंद व्हायची होती, आणि त्याची मालवणला बदली झाली होती.

घाटापासून कचेरीपर्यंतची वाट सपाट, सावकाश चाललं तर अर्ध्या तासाची. चालता चालता तो एकेका इमारतीची हकिगत सांगे. ही मिठाची वखार — अजून पावसाळ्यात हिच्या भिंतींना खारट घाम फुटतो. ही खलाशांची धर्मशाळा. ही एका व्यापाऱ्याची माडी. तिच्या रंगीत काचांपैकी आता दोनच उरल्यात, एक निळी, एक तांबडी. आणि शेवटी महादेवाचं लहानसं देऊळ, जिथं गलबत सोडण्याआधी तांडेल नारळ ठेवायचे.

"तुमच्या महाडात सगळ्या दारांना कुलूपच दिसतं," एकदा ती म्हणाली.

"एका दाराला नाही."

"कुठल्या?"

"बंदरकचेरीच्या. तिथं मी असतो ना..."

ती नदीकडं तोंड करून चालू लागली. कानाच्या पाळ्या मात्र गरम झाल्या होत्या.

छत्री एकच. सुरुवातीला तो ती सगळी तिच्यावर धरी आणि स्वतः भिजे. पुढं पुढं दोघंही अर्धे अर्धे भिजू लागले.

सोनबांनी एक दिवस विचारलं, रोज दारापर्यंत येते ती छत्री कुणाची? तिनं काही न लपवता सांगितलं. त्यांनी मुरारीला बोलावून घेतलं. तो खाटेशी बसला. भातावर, घाटातल्या रस्त्यावर अर्धा तास बोलला. तो गेल्यावर सोनबांनी तिला जवळ बोलावलं.

"पोर चांगला हाय गो," ते म्हणाले. "पण तो चालला मालवणला. घराला कुलूप लागलं की तुझे चुलते जमिनीत नांगर घालतील. धाकट्या दोघींना कोण हाय? मला हात दे."

तिनं त्यांच्या हातात हात दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

मुरारीनं ट्रक मिळवला. पोलादपूरच्या पुढं ट्रक जाईना, तिथून चढणीवर तिरडीला त्यानंही खांदा दिला. उमरठला कुणी त्याला तू कोण म्हणून विचारलं नाही. तोही तसाच माघारी गेला.

तेराव्यानंतर वडिलांचं अंथरूण आणि तांब्या न्यायला चंद्रभागा दवाखान्यात आली. फाटकाशी मुरारी होता. पाचच्या एस.टी.ला वेळ होता. दोघं पुन्हा त्याच वाटेनं निघाले, पण आज त्यानं कुठल्याच इमारतीचं काही सांगितलं नाही. देवळापाशी आल्यावर त्यानं घडी घातलेला कागद तिच्या हातात ठेवला.

तिनं तो उलटसुलट केला. "मला वाचता येत नाय. तोंडानं सांगा."

"तोंडानं जमलं असतं तर लिहिलं असतं का?"

"मग वाचून दाखवा. मी पाण्याकडं बघते."

त्यानं वाचलं —

"चंद्रभागा, या वाटेवर मी तीन वर्षं एकटा चाललो. तू आलीस आणि वाट लहान वाटू लागली. मला तू हवी आहेस. बनू आणि रखमाला घेऊन मालवणला ये. मी तिघींना सांभाळीन. मुरारी."

तिनं चुलत्यांचं सांगितलं, जमिनीचं सांगितलं, वडिलांना दिलेल्या हाताचं सांगितलं. सांगून झाल्यावर ती थोडी थांबली. मीच उमरठला येतो, असं तो म्हणेल म्हणून थांबली. पण पोलादपूरला त्याची आई होती, पाठची तीन भावंडं होती. त्या नोकरीवर पाच तोंडं होती. तो ओल्या फरशीकडं बघत राहिला. तिला राग आला नाही. त्यानंही कुणाला तरी हात दिलेला होता.

"पुन्हा वाचा," ती म्हणाली.

त्यानं वाचलं.

"आणखी एकदा."

तिसऱ्या वेळी शेवटाशी त्याचा आवाज अडकला. तेव्हा तिनंच हळू आवाजात पुरं केलं, "...मी तिघींना सांभाळीन. मुरारी."

मग तिनं कागद घेतला आणि होती तशी घडी घालून त्याच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"घरी कुणाच्या हाती लागायला नको. माझं पाठ झालंय."

एस.टी.पर्यंत तिनं त्याला येऊ दिलं नाही. अंथरुणाची वळकटी मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसली. पोलादपूर येईपर्यंत तिचे ओठ हलत होते. शेजारच्या म्हातारीला वाटलं, पोर मेलेल्या बापासाठी जप करतेय... तिनं तसंच वाटू दिलं.