कडावमधून कप्तान बेपत्ता

ठकूबाई भोईर अंदमानच्या समुद्रात कधीच गेल्या नाहीत.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. आत्ता फेब्रुवारीतली सकाळ आहे, कडावला ठकूबाईंची पिशवी भरून तयार आहे आणि कर्जतला निशिगंधा म्हसेच्या ऑफिसात त्यांचा मुलगा राकेश घाम पुसत बसला आहे.

"मॅडम, आमच्या घरातून कप्तान गायब झाला."

निशिगंधाने चहाचा कप खाली ठेवला. लग्नाआधीच्या चौकशा आणि फार्महाऊसवरच्या चोऱ्या यांवर तिचा धंदा चालायचा. कप्तान प्रथमच हरवत होता.

"पोलीस काय म्हणाले?"

"म्हणाले, कडावला समुद्र कधीपासून आला?"

तिचा मदतनीस सुनील हसला आणि लगेच थांबला, कारण राकेश हसत नव्हता.

राकेशचे वडील भिवाजी मालवाहू जहाजावर खलाशी होते. राकेश पाळण्यात असताना ते अंदमानजवळ तापाने गेले आणि जहाजावरच्या लोकांनी त्यांना तिथेच समुद्राच्या स्वाधीन केलं. त्या जागेचे अक्षांश-रेखांश ठकूबाईंना नातवंडांच्या नावांसारखे पाठ होते. मरायच्या आत तिथे एक फूल सोडायचं, एवढंच त्यांना हवं होतं. प्रवासी बोटी तिकडे थांबत नाहीत. म्हणून नातू साईराजने कॅटामरान ठरवली होती: दोन पोटांची शिडाची होडी, कप्तान आणि खानसाम्यासकट भाड्याने.

"पण आये म्हणाली, ज्याच्या हाती जीव द्यायचा, तो माणूस आधी घरी येऊ दे. बघू, पसंत पडतो का."

"आणि तो आला?"

"काल आला. पांढरे कपडे, टोपी. आम्ही पोहे केले."

पोहे खाताना गोठ्यातली म्हैस सुटली. कप्तानाने स्वतः उठून ती बांधली. मग हात धुवायला मागच्या दारी गेला, तो परत आलाच नाही. टोपी विहिरीच्या काठावर सापडली.

"विहिरीत गळ टाकला. दोन जुन्या बादल्या निघाल्या. कप्तान नाय."

---

कडावला पोहोचल्यावर सुनीलने टोपी उलटसुलट करून पाहिली. पुढे सोनेरी हंस भरलेला होता.

"नौदलाचं चिन्ह," तो म्हणाला. आपली मतं सुनील नेहमी ठामपणे मांडायचा.

पुढच्या दारात कप्तानाचे पांढरे बूट तसेच होते. मागे राजनाला कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भात लावलेला, बांधावर चिखल. चिखलात लहानशा चपलेचे ठसे उमटले होते आणि प्रत्येक ठशामागे वेगळी टाच.

सुनील बराच वेळ वाकून राहिला. "बाई पुढे चालतेय. मागून एक माणूस, नुसत्या टाचांवर."

"टाचांवर का?"

"पाठलाग करताना आवाज येऊ नये म्हणून."

निशिगंधाने त्याच्याकडे आदराने पाहिलं आणि ती सुनेकडे, मेघाकडे गेली.

"मला ही सहल नकोच होती," मेघा भांडी घासत म्हणाली. "आत्यांना दोन पायऱ्या चढल्या की दम लागतो. आणि तो कप्तान! हात धुऊन नळ तसाच सोडून गेला. अंगणभर पाणी."

"म्हैस कशी सुटली?"

"त्याचंच नवल वाटतंय. आत्या रोज स्वतः बांधतात, कधी सुटत नाय. दावंही तुटलेलं नव्हतं. पण कप्तानानं बांधली ती गाठ संध्याकाळी कोणालाच सुटेना. शेवटी यांनी कोयत्यानं कापली."

साईराज पडवीत मोबाइल बघत होता.

"कप्तानाला फोन लावलास?"

"बंद येतोय."

"शोधायला कुठे गेलास?"

"गेलो नाही." त्याने मान वर केली नाही. "सर खूप सीनियर आहेत. येतील."

ठकूबाई ओटीवर बसल्या होत्या. पायांत नातवाच्या मोठ्या निळ्या सपाता.

"आजी, कप्तान पसंत पडला का?"

"पोरगा चांगला. भुकेला व्हता बिचारा."

"विहिरीत बुडाला असेल?"

"नाय गं. बुडायला आधी पाण्यात जावं लागतं."

---

निशिगंधाने सगळ्यांना गोठ्यापाशी बोलावलं. म्हशीच्या दाव्याचं एक टोक धरून तिने हलकेच ओढलं. गाठ अलगद उलगडली.

"ही गाठ आजींनी आज बांधलीय. म्हैस रात्रभर ओढत राहिली तरी सुटणार नाही आणि माणसाने ओढली की लगेच सुटेल. समुद्रावर अशीच गाठ लागते, नाहीतर वादळात शीड उतरवता येत नाही. आजींना ती कोणी शिकवली, हे सांगायला नको. कप्तानाची गाठ मात्र कोयत्याने कापावी लागली."

"म्हणजे?" राकेश म्हणाला.

"होडीवर गोडं पाणी जपून वापरतात. हा नळ सोडून गेला. टोपीवर हंस आहे. इथून जवळच कळंबच्या रिसॉर्टच्या तळ्यात हंसाच्या पेडलबोटी आहेत. तुमचा कप्तान तिथेच काम करतो. आत्ता हंस धूत असेल."

"मग त्याला मारलं कोणी?" सुनीलने विचारलं.

"तो पळाला. बूट पुढच्या दारी, तिथे सगळे बसलेले. म्हणून कोणीतरी त्याला मागच्या दारी आपल्या चपला दिल्या. इतक्या लहान की टाचा बाहेर राहिल्या. आज या घरात दुसऱ्याच्या सपाता कोणाच्या पायांत आहेत?"

सगळ्यांनी खाली पाहिलं. ठकूबाईंनी पाय आत घेतले.

"म्हैसही तुम्हीच सोडलीत, आजी. परीक्षा घ्यायला."

"नागू नाव त्याचं," ठकूबाई म्हणाल्या. "मोरीपाशी रडाय लागला. म्हटलं, जा बाबा. राकेशला कळलं तर तुला नि साईराजला सोलील. टोपी हिरीवर इसरला."

राकेश साईराजकडे वळला. "भडव्या, आयेला फसवतोस?"

"तीन कंपन्यांनी नाही म्हटलं, बाबा!" साईराजचा आवाज फाटला. "हृदयाचं दुखणं, हे वय, तिथं जवळपास डॉक्टर नाही. कोणी तिला होडीत घेणार नाही. मला सांगवलं नाही. ठरवलं होतं की कप्तान दरवर्षी म्हणेल, यंदा वारा बरा नाही, पुढच्या वर्षी बघू."

राकेशचा उगारलेला हात तसाच राहिला.

"राकेश, बस खाली," ठकूबाई म्हणाल्या. मग नातवाला, "किती वर्षं म्हणणार व्हतास रं?"

साईराज दाव्याचं टोक बोटाभोवती गुंडाळू लागला.

"मंग मी जाणार नाय."

"नाही, आजी."

"बरं." त्या खूप वेळ म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "पण त्यांना कळवाय पायजे. वाट बघत असतील. कोनाचं अक्षर बरं हाय?"

सुनीलचं अक्षर बरं होतं. तो ओटीवर मांडी घालून बसला. त्या सांगत गेल्या आणि तो सरकारी भाषेत लिहीत गेला. मध्येच त्याला दोनदा चष्मा पुसावा लागला.

प्रति,
मा. बंदर अधिकारी, अंदमान.

विषय: जहाजांनी सावकाश जाण्याबाबत.

महोदय,

माझे पती भिवाजी भोईर हे आपल्या हद्दीत पाण्याखाली कायम मुक्कामास आहेत. तरी त्या जागेवरून जाणाऱ्या सर्व जहाजांना इंजिन बंद ठेवून, भोंगा न वाजवता जाण्याचा आदेश व्हावा. तसेच अर्जदार विसरली नसून तिला होडी मिळाली नाही, ही बाब आपल्या कार्यालयामार्फत त्यांना समक्ष कळवण्यात यावी, ही नम्र विनंती.