झोळीची दोरी

सरका आत. झाडाखाली उभं राहून गप्पा मारायच्या असतील तर आधी डोक्यावर हेल्मेट चढवा. ड्युरियनचं काटेरी फळ पडताना कुणाला विचारून पडत नाही. धप्प आवाज आला की टॉर्च घेऊन जायचं, उचलायचं, टोपलीत टाकायचं. रात्रभर तेवढंच काम आहे. आणि हा शाहरिल मघापासून माझ्या मागे लागलाय, पाक लाँग, भुताची सांगा, भुताची सांगा. भुताची मला येत नाही बाबा. माझ्या ओळखीतल्या एका माणसाचं सांगतो. भूत त्यात आहे की नाही ते तुम्हीच बघा.

रुसदी. माझ्या मेव्हण्याचा मुलगा. तायपिंगच्या बाहेर ती नवी वसाहत झालीय ना, एकाला एक चिकटलेली घरं, तिथं भाड्यानं राहतो. लॉरी चालवतो. गेल्या वर्षी एका दुपारी त्याचा मला फोन आला, तुमची व्हॅन जरा मिळेल का म्हणून. जुन्या फर्निचरच्या दुकानातून एक छोटा पलंग आणायचा होता, मुलीसाठी. शाळेची बस चालवायचं सोडल्यापासून माझी व्हॅन दारात नुसती गंजतच होती. मी म्हटलं, मीच येतो.

पलंग छान होता. पिवळ्या रंगाचा, कडेला कठडा. आम्ही दोघांनी तो उचलून मागच्या खोलीत लावला. रुसदीकडे बघितलं तर माणूस उभ्या उभ्या पेंगत होता. डोळे लाल, दाढी वाढलेली. मी त्याची टर उडवली, अरे, पलंग पोरीसाठी आणलाय की तुझ्यासाठी. तो हसलासुद्धा नाही. मग त्यानं सगळं सांगितलं.

मुलीचं नाव बाल्किस. अडीच वर्षांची. गोड पोर, पण झोळीशिवाय झोपायची नाही. आता झोळीशिवाय आपल्यात कोण झोपलंय? तुम्ही सगळे त्यातलेच. छताला हूक, हुकाला स्प्रिंग, स्प्रिंगला सारोंगच्या कापडाची झोळी, आणि झोळीला दोरी. दोरी ओढत राहायची, की कुंईऽ कुंईऽ वाजत पोर वरखाली होतं आणि झोपतं. पण बाल्किसचं असं होतं की दोरी थांबली की डोळे उघडे. आणि आतून आवाज, ‘आन्की’. म्हणजे आणखी. तिला नीट बोलता यायचं नाही, पण तो एक शब्द पक्का यायचा. रात्रभर आन्की, आन्की. नवरा-बायकोनं पाळी लावून दोरी ओढायची.

वर मर्लिनाला, म्हणजे त्याच्या बायकोला, दिवस गेलेले. शेवटचे महिने. पाय सुजलेले, रक्तदाब वाढलेला. डॉक्टर म्हणाले, झोप मिळाली नाही तर दवाखान्यात आणून झोपवावं लागेल, पोटातल्या बाळाला धोका आहे. आणि रुसदीची लॉरी एका पहाटे रस्ता सोडून कठड्याला घासत गेली होती. त्याला डुलकी लागली होती. वाचला. पण पुढच्या वेळी वाचेल असं कोण सांगणार? म्हणून दोघांनी ठरवलं, काही झालं तरी नवं बाळ यायच्या आत बाल्किसनं आपली आपण झोपायला शिकायचं.

दवाखान्यातल्या नर्सनं रीत सांगितली होती. पोर जागं असतानाच पलंगावर ठेवायचं. शेजारी खुर्ची टाकून बसायचं. उचलायचं नाही, बोलायचं नाही. रोज खुर्ची थोडी दाराकडे सरकवायची. शेवटी खुर्ची दाराबाहेर. चांगली रीत आहे, नावं ठेवण्यासारखं त्यात काही नाही. पण पलंग आला त्या रात्रीपासून पोरीनं असा काही आकांत मांडला की शेजारीण येऊन विचारून गेली, मारताय का लेकराला? बाल्किस उलटी होईपर्यंत रडायची. मर्लिना खुर्चीवर बसून रडायची. एका रात्री ती नवऱ्याला म्हणाली,

“रुसदी, मला हिचा तिटकारा यायला लागलाय. माझ्या पोटची पोर आहे आणि मला तिटकारा येतोय. मला भीती वाटते रे.”

हे मला रुसदीनं मागाहून सांगितलं.

मग त्यालाच एक युक्ती सुचली. पोरीला हवी असते ती झोळी नाही, तो कुंईऽ कुंईऽ आवाज. तर पोरीनं पलंगावर झोपावं आणि समोरच्या खोलीत झोळी हलत राहावी. रोज थोडी कमी हलवायची, की सवय सुटेल. फक्त अडचण अशी की रिकामी स्प्रिंग वाजत नाही. तिला वजन लागतं. म्हणून त्यानं तांदळाची पिशवी बाल्किसच्या दुपट्यात गुंडाळली आणि झोळीत ठेवली. दोरी लांब केली, दाराच्या फटीतून बाहेर घेतली. आपण मधल्या बोळात चटईवर बसायचं आणि ओढायचं.

मर्लिनाच्या आईला फोनवर हे कळलं तेव्हा ती चांगलीच ओरडली. रिकामी झोळी हलवायची नसते, कुणाला तरी वाटतं आपल्यासाठीच हलतेय. हलवायचीच असेल तर आत वरवंटा ठेवा, वरवंटा राखण करतो. रुसदी म्हणाला, “आई, वरवंटा आणू कुठून? घरात मिक्सर आहे. मिक्सर ठेवू का झोळीत?” तिनं फोन आपटला. आणि झोळी काही रिकामी नव्हतीच, तांदूळ होता ना आत.

तर युक्ती लागू पडली. बाल्किस रडायची, पण कमी. मर्लिनाची खुर्ची दाराबाहेर आली.

आता ती रात्र. कुर्बानीच्या ईदच्या आधीचा गुरुवार. म्हणजे आपल्या हिशेबानं दिवस बुडून मगरिबची नमाज झाली की शुक्रवारची रात्र लागलेली. तायपिंगला असतो तसा पाऊस दिवसभर पडून थांबला होता. रुसदी लांबच्या खेपेवरून उशिरा आला. अंघोळ केली, जेवला, आणि बाल्किसला पलंगावर ठेवून बोळात येऊन बसला. समोर खुर्चीवर मर्लिना. दोघांमध्ये एक शब्द नाही. बोलायचं नाही हीच रीत.

त्यानं दोरी ओढली.

कुंईऽ. कुंईऽ.

बाल्किस थोडी कुरकुरली. मग गप्प झाली. मग तिचा तो श्वास यायला लागला, झोपल्यावर येतो तसा. मर्लिनानं तोंडावर हात दाबला. ती हसत होती की रडत होती ते रुसदीला कळलं नाही. त्यानं हातानंच खुणावलं, जा, झोप. ती भिंतीला धरून धरून पुढच्या खोलीत गेली, आणि पडल्या पडल्या तिला झोप लागली.

रुसदी आणखी थोडा वेळ ओढत बसला. आज दोरी जड लागत होती. तो म्हणतो, मला वाटलं मीच थकलोय.

मग त्यानं दोरी सोडली.

सगळं शांत झालं.

आणि आवाज आला.

“आन्की.”

रुसदी म्हणतो, पाक लाँग, मला आधी राग आला. मला वाटलं, मला डुलकी लागली तेवढ्यात उतरली पलंगावरून आणि जाऊन बसली झोळीत. सवयच ती. पण नर्सनं सांगितलं होतं, हाकेला जायचं नाही. तो गेला नाही. दात आवळून बसला.

“आन्की...”

बारीक आवाज. बाल्किसचाच. पण रडवेला नव्हता. तिनं कधी असं मागितलंच नव्हतं, इतकं सावकाश.

त्याला दया आली. बाप आहे. त्यानं दोरी उचलली आणि ओढली. पाच-दहा झोके दिले. हाताला ओढ लागत होती. मासा गळाला लागल्यावर लागते तशी.

घसा सुकला म्हणून तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला. दिवा लावला.

ओट्याखाली तांदळाचा डबा होता. डबा काठोकाठ भरलेला.

डब्यावर तांदळाची पिशवी. रिकामी. नीट घडी घालून ठेवलेली.

तिच्याच बाजूला बाल्किसचं दुपटं.

घरातला तांदूळ संपला होता. मर्लिनानं संध्याकाळी झोळीतली पिशवी काढून आणली, डब्यात ओतली, भात लावला. तोच भात तो जेवला होता. ती सांगायला विसरली. बोलायचं नाही ना... रीत होती.

रुसदीनं पेला खाली ठेवला.

मग तो काय ओढत होता?

बाल्किस. बाल्किस बसली असेल झोळीत. दुसरं काय असणार. तो बोळात आला. पोरीच्या खोलीत डोकावला.

बाल्किस पलंगावर होती.

उताणी. डोळे उघडे. रडत नव्हती. त्याच्याकडे बघतही नव्हती. त्याच्या खांद्यावरून, समोरच्या दाराकडे बघत होती. तिनं बोट ओठांवर ठेवलं.

“श्श.”

आणि मागे...

कुंईऽ.

दोरी बोळात जमिनीवर पडलेली. कुणी धरलेली नाही.

कुंईऽ.

दोरी ताणली गेली. सरकली. दाराच्या फटीतून आत जायला लागली. हळूहळू. कुणीतरी गोळा करतंय तशी.

रुसदीनं दार थोडं ढकललं. तो म्हणतो, मी का ढकललं मला माहीत नाही. झोळी स्प्रिंगसकट जमिनीपर्यंत आली होती. अडीच वर्षांच्या पोरीच्या वजनानं ती गुडघ्याच्या खाली कधी गेली नव्हती. कापड फरशीला टेकलेलं. फुगलेलं. आणि तरी ती हलत होती. वर. खाली.

कापडाच्या आतून...

नाही. त्यानं आत बघितलं नाही. मीही तेच विचारलं होतं. नाही बघितलं.

त्यानं पोरीला उचललं. बायकोला उठवलं. चपला नाहीत, काही नाही. माझ्या दारात आले तेव्हा पहाटेची अजान व्हायची होती. मर्लिना एकच म्हणत होती, “मला वाटलं ती झोपली. मला वाटलं ती झोपली.” बाल्किस मात्र बापाच्या खांद्यावर गाढ झोपलेली. गाडीत चढल्याबरोबर झोपली म्हणे. आपली आपण.

उजाडल्यावर मी आणि रुसदी गेलो. घरात काही नव्हतं. झोळी रिकामी. पण स्प्रिंग ओढली जाऊन लांबलचक झालेली, परत मिटेना. मी माझ्या हातानं ती काढली, कापड कापलं, सगळं नेऊन नदीत टाकलं. आमच्या इमामांनी येऊन दुआ म्हटली. थोडे दिवस ती तिघं आमच्याकडे राहिली, मग परत गेली. जाणार कुठे? भाडं भरलेलं होतं, दिवस भरत आले होते.

आणि बाल्किस सुधारली. त्या पिवळ्या पलंगावर स्वतः जाऊन आडवी व्हायची. दार लावा म्हणायची. ना रडणं, ना आन्की. मर्लिनाचा रक्तदाब उतरला, बाळ सुखरूप झालं, मुलगा. नर्स दुसऱ्या बायकांना मर्लिनाचं उदाहरण द्यायची. रुसदी लॉरीवर ताजातवाना दिसायला लागला. मला वाटलं, सुटली बिचारी. खरंच आनंद झाला मला.

मागच्या महिन्यात मर्लिनानं माझ्या नातीसाठी कपड्यांची पिशवी दिली. बाल्किसला आखूड झालेले रात्रीचे झगे. माझी बायको घड्या घालत होती. तिनं मला हाक मारली. झगे नवेकोरे होते, रंगही उडाला नव्हता. फक्त पाठीवर, खांद्यांच्या मध्ये, कापड विरलेलं. दिवा आरपार दिसेल इतकं. प्रत्येक झग्यावर. त्याच जागी.

लहानपणी आईनं थोपटून झोपवलंय ना तुम्हाला? हात कुठे पडतो? तिथेच.

मी मर्लिनाकडे गेलो. म्हटलं, पोरीला थोपटतेस वाटतं अजून. ती भाजी चिरत होती. चिरायची थांबली नाही.

“मी नाही थोपटत, पाक लाँग. मी तिच्या खोलीत जात नाही. दाराबाहेरून ऐकू येतं कधीकधी.”

“मग दार उघडून बघत का नाहीस?”

तिनं चिरलेली भाजी पातेल्यात लोटली. मग म्हणाली, “बघितलं तर तिला परत माझ्याजवळ घ्यावं लागेल. आणि मग मी पुन्हा...” “झोपते ना ती,” एवढंच म्हणाली.

त्या पहाटे ती माझ्या दारात आली तेव्हाचे तिचे डोळे मी बघितले होते. मी घरी आलो.

रात्री तो झगा घेतला आणि विरलेल्या जागेवर माझा हात ठेवून बघितला. हा पंजा बघा, इकडे, टॉर्च मारा. आयुष्यभर बसचं स्टिअरिंग फिरवलेला पंजा आहे. गावात एवढा हात दुसऱ्या कुणाचा नाही.

तो त्यात अख्खा मावला. चारी बाजूंनी विरलेलं कापड उरलं.