बाईंच्या मुठीतला खडू

दार ओढून घे रे मोझेस, डास येतात. आणि पायरीवर कोण बसलंय? वर ये. ही गोष्ट अंधाराकडे पाठ करून ऐकायची नाही.

हसताय काय? ही ऐकीव नाही. आपल्या पलीकडच्या घरातल्या लॉरेटाच्या बाबतीत घडलेली आहे, आणि शेवटी शेवटी तर मी स्वतःच तिथे होतो.

सहा वर्षं झाली. नोव्हेंबरची चौदा तारीख, गुरुवार. लॉरेटा शाळेत भांडी परत द्यायला निघाली होती. शाळा म्हणजे ओकच्या झाडाखालची आपली जुनी लाकडी शाळा. आपले पणजोबा गुलाम होते, तेव्हा अक्षर गिरवताना कुणी सापडला तर पाठ सोलून निघायची. म्हणून सुटका झाल्यावर त्यांनी या बेटावर घरांच्या आधी शाळा बांधली. नियम एकच. धडा अर्धा टाकून कुणी उठायचं नाही.

आता तिथे वर्ग भरत नाहीत. मयताची, बारशाची जेवणं होतात. पाचच दिवसांपूर्वी कॅपर्सबाईंच्या मयताचं जेवण झालं होतं. चवळीचा भात, कोलंबी, सगळं. त्याचीच ही भांडी.

बाई एक्क्याण्णव वर्षांच्या. चाळीस वर्षं त्याच शाळेत शिकवलं. स्वतःचं मूलबाळ नाही. म्हातारपणी त्यांचा जीव जडला तो लॉरेटाच्या मिन्नावर. चार वर्षांची पोर. रोज संध्याकाळी तिला पाटी घेऊन बसवायच्या. चुकलं की मेजावर बोटाच्या पेराने दोनदा ठोकायच्या. टक, टक. म्हणजे पुन्हा लिही. म्हणायच्या, "हिला हिचं नाव लिहायला आलं, की मी जायला मोकळी."

नावाच्या पाच अक्षरांपैकी दोनच झाली, आणि बाई गेल्या.

शवपेटी शाळेतच ठेवली होती, बाईंच्याच मेजावर. झाकण लावायच्या आधी मी एक नवाकोरा खडू घेतला, त्याला निळा दोरा बांधला आणि बाईंच्या मुठीत दिला. मग झाकण ठोकलं. मग आपली रीत. ज्या लेकरात मेलेल्या माणसाचा जीव अडकलाय, ते लेकरू पेटीवरून या हातातून त्या हातात द्यायचं. म्हणजे मेलेलं माणूस त्याला सोडतं.

मी पलीकडून हात पुढे केले. लॉरेटा मागे सरली.

"नको, काका. पोरीचं अंग गरम आहे. घाबरेल ती."

"बाई हिच्यासाठी येतील गं. सोडवून घे."

"काहीतरीच तुमचं!"

हागार मावशी करवादली, "दवाखान्यात चादरी बदलते, तर स्वतःला डॉक्टरीण समजायला लागली!"

झालं. ती आणखीच हट्टाला पेटली. माझे हात तसेच राहिले. रिकामे.

तर, त्या गुरुवारी रात्री नऊ वाजून वीस मिनिटांनी ती शाळेशी पोचली. नवरा मासेमारीच्या बोटीवर, घरात दुसरं कुणी नाही, म्हणून मिन्नाला गाडीतच आणलेलं. पोर गाढ झोपली होती. लॉरेटाने तिचा पट्टा तपासला, स्वेटर वर ओढला, गाडीला कुलूप लावलं. दोन मिनिटांचं तर काम.

मागच्या खोलीत दिवा लावून ती भांडी रचत होती. पुढच्या वर्गातून आवाज आला.

किर्र... किर्र...

उंदीर असेल, म्हणाली.

किर्र...

मग... टक, टक.

हातातला टोप खाली पडला. ती गाडीकडे धावली. गाडीला कुलूप तसंच. पट्टा लावलेला तसाच. सीटवर एक मोजा.

मिन्ना नाही.

माझा फोन वाजला. ती एवढंच म्हणाली, "काका... हात... तुमचे हात घेऊन या."

मी शेत तुडवत गेलो. पहिल्या बाकावर मिन्ना. पाठ ताठ. मांडीवर पाटी. लॉरेटा तिला ओढत होती, पण पोर जागची हलेना.

"चल ना गं, बाळा. घरी चल."

"अजून सोडलं नाही मला."

तोंड आईकडे होतं. पण हात... हात पाटीवर चालूच. वरून कुणी धरल्यासारखा.

काय रे मोझेस? दाराला निळा रंग होता की नाही? होता तर. पण निळा रंग बाहेरच्या भुताला अडवतो. बाई तर आतल्याच.

मी मेजाच्या पलीकडे गेलो. हात पुढे केले.

"आण तिला."

तिने सगळा जोर लावून उचललं. पोर मेजाच्या वर आली... आणि अडकली. पाणी भरलेल्या जाळ्यासारखी जड. माझ्या हाताला ओढ लागत होती. खालून.



मग लॉरेटाच रडत म्हणाली, "बाई... धडा अर्धा नाही राहायचा. मी घेईन. रोज घेईन. एक दिवस चुकवायची नाही. लेकरू द्या माझं."

टक.

एकदाच.

पोर माझ्या हातात आली. पिसासारखी.

घरी आणल्यावर तिची मूठ उघडली. आत खडू. निळा दोरा बांधलेला. मी दिला तेव्हा कोरा होता. आता निम्मा झिजला होता.

तो मी डबीत घालून ठेवलाय. लॉरेटा शब्दाला पक्की आहे, मिन्नाला रोज शिकवते. पण मधे पोरीला गोवर आला, तीन दिवस पुस्तक उघडलं नाही. मी डबी पाहिली. खडू नखभर कमी. एकदा लॉरेटालाच रात्रपाळी पडली. पुन्हा कमी. गेल्या महिन्यात वाटाण्याएवढा उरला होता, डबी हलवली की खुळखुळायचा.

काल तुम्ही मिन्नाला कोलंबीच्या जत्रेला घेऊन गेलात. रात्री किती वाजता आलात? धड्याला बसली होती का ती?

मोझेस, फळीवरची ती डबी आण. उघडू नको. नुसती हलव.

...

पुन्हा हलव.