समासातली फुली

ओट्यावरून पेन्सिल घरंगळली आणि फरशीवर पडली. टक्!

एवढासाच आवाज, पण मी दचकले. आत माझी लेक मन्तशा दुपारची झोपली होती. बाहेर पडवीत मतीन स्वतःच्या कथेचे कागद वाचत बसले होते, आणि बराच वेळ पान उलटल्याचा आवाज आला नव्हता.

म्हणजे ते बाविसाव्या पानावर पोचले होते. त्या पानाच्या समासात मी एक फुली मारली होती, आणि फुलीपुढे तीन ओळी लिहिल्या होत्या...

फेब्रुवारीत ते पहिल्यांदा दिसले ते अब्बांच्या पौडच्या दुकानात. दोऱ्या, घमेली, पत्र्याचे डबे असलं आमचं दुकान. मन्तशाची बालवाडी सुटेपर्यंत मी तिथं बसते आणि गिऱ्हाईक नसलं की कादंबऱ्या वाचते. त्या दिवशी काखेत हेल्मेट धरून एक उंच माणूस दारात उभा राहिला.

"राब कुठे बघायला मिळेल हो?"

अब्बा मोठ्यानं हसले. "राब काय दुकानात मिळतो व्हय? भाताची रोपं टाकायची जागा आधी भाजून काढत्यात, त्यो राब. आत्ता नुसता पालापाचोळा आन् शेण पसरायचं चाललंय, भाजायचा मे म्हयन्यात. रिह्याला आमचं शेत हाय. या की बघायला."

"पण तुम्हाला राब कशाला हवाय?" मी विचारलं.

"माझ्या कादंबरीत मी तो श्रावणात भाजलाय," ते ओशाळून म्हणाले. "एका त्रैमासिकात परीक्षण आलं. 'भर पावसात राब भाजणाऱ्या या लेखकाने एखादा उन्हाळा मावळात काढावा.' खाली सही, नि. अ."

मी हातातलं पुस्तक हळूच मिटलं.

नि. अ. म्हणजे निखत अल्लाबक्ष. म्हणजे मी.

मन्तशा दहा महिन्यांची असताना तिचे अब्बू गेले. त्यानंतर मी परीक्षणं लिहायला लागले. पुण्याहून संपादकबाई नव्या कादंबऱ्या, कथासंग्रह पाठवतात. पोरगी झोपली की मी वाचते, आणि पुन्हा झोपली की लिहिते. पूर्ण नाव द्यायचा धीर झाला नाही. 'हिला आता पुस्तकं सुचतायत' असं कुणी म्हणायला नको होतं. मतीन यांच्या कादंबरीतली विधवा पानोपानी सुंदर रडत होती. मी लिहिलं होतं, 'विधवेला भांडी असतात, तापानं फणफणलेलं मूल असतं, आणि कधीकधी तिला खदखदून हसूही येतं. लेखकाला यातलं काहीच ठाऊक नाही.'

दुकानातच सांगून टाकायला हवं होतं. पण...

"नि. अ. म्हणजे कुणीतरी निवृत्त अध्यापक असणार," ते म्हणाले. "टक्कल. आणि कायमचं पित्त."

"पित्त कशावरून?"

"भाषेवरून!"

मला हसू आवरेना. ते बघत राहिले, जरा जास्तच वेळ. आणि सांगायचं राहून गेलं.

मग दर रविवारी महाळुंग्याहून, घोटावडे ओलांडून, त्यांची मोटारसायकल आमच्या रिह्याच्या घरापुढे थांबायला लागली. ते अब्बांबरोबर पालापाचोळा ओढायचे, मन्तशाला खांद्यावर घेऊन बांधावरून फिरवायचे. मला म्हणायचे, "तुम्ही एवढं वाचता, लिहीत का नाही?" मी मान खाली घालून भाकरी थापत राहायचे. एकदा माझ्या गालाला पीठ लागलं होतं. त्यांनी बोट पुढे केलं, मध्येच थांबले, आणि स्वतःच्याच गालावर ठेवून म्हणाले, "इथं." त्या एका 'इथं'वर मी अख्खा आठवडा काढला.

मागच्या रविवारी त्यांनी कागदांचा गठ्ठा हातात दिला. त्या परीक्षणानंतर दीड वर्षानं लिहिलेली पहिली कथा. "खोटं वाटेल तिथं फुली मारा. घाबरू नका. नि. अ. पेक्षा वाईट काय लिहाल?"

कथा चांगली होती. शेणाचा वास खरा होता, बाई खरी होती. ती भांडत होती, हसत होती. पण बाविसाव्या पानावर एक टकल्या समीक्षक होता. त्यानं जन्मात कुणावर प्रेम केलं नव्हतं, म्हणून तो दुसऱ्यांच्या पुस्तकांचा गळा दाबत होता.

आठवडाभर मी त्या पानाशी अडले. फुली मारली नाही तर खोटं सोडून दिल्यासारखं होतं, आणि ते मी आजवर कुणाचंच सोडलं नव्हतं. मारली, तर माझे रविवार संपले असते. शेवटी लिहिलं, 'हे खोटं. नि. अ.ला टक्कल नाही, एक मुलगी आहे. आणि नि. अ. दर रविवारी मोटारसायकलच्या आवाजाकडे कान लावून बसते.'

पडवीतली खुर्ची सरकली. मी दारात गेले. ते कागद हातात धरून उभे होते.

"तू?"

तीन महिन्यांत पहिल्यांदाच 'तू'... आणि तेही असं.

"मी," मी म्हणाले.

"दीड वर्षं मी एक ओळ लिहिली नाही. माहितीये तुला?"

"फेब्रुवारीपर्यंत माहीत नव्हतं."

"आणि फेब्रुवारीनंतर?"

मी चौकट घट्ट धरली. "नंतर... होतं."

"मी इथं बसून नि. अ.ला शिव्या घालायचो, आणि तू मला चहा ओतून द्यायचीस. हसायचीस."

"हसू खरं होतं."

"मग एवढंच सांग. त्या परीक्षणातलं एक तरी वाक्य मागे घेशील?"

एका 'हो'नं सगळं निभावलं असतं.

"नाही," मी म्हणाले. "ती विधवा खोटीच होती, मतीन. पण ही कथा... ते एक पान सोडलं तर खरी आहे. हे म्हणणारीही मीच आहे."

त्यांनी गठ्ठा खुर्चीवर ठेवला, हेल्मेट उचललं आणि पायऱ्या उतरले. तेवढ्यात शेतातून अब्बांची हाक आली. "ओ लेखक! वारं पडलंय. आत्ता पेटवला तर पेटवला! येताय न्हवं?"

डाव्या हाताला मोटारसायकल, उजवीकडे शेत. मतीन अंगणात नुसते उभे. मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होते, सोडत होते... त्यांनी हेल्मेट गाडीच्या आरशाला अडकवलं आणि ते शेताकडे वळले.

धूर उठला, पसरला, विरळ झाला. मन्तशा उठली, पडलेली पेन्सिल उचलून पडवीत येऊन बसली. मी मात्र होते तिथंच होते.

ते परत आले तेव्हा केसांत राख होती.

"राग गेलेला नाहीये," पायरीवर बसत ते म्हणाले. "पुढच्या रविवारी येऊन आणखी रागावणार आहे."

"या," मी म्हणाले. त्यांच्या गालावर काळा फराटा उमटला होता. मी माझ्या गालावर बोट ठेवलं. "इथं."

त्यांनी पुसलं नाही. गाल तसाच पुढे केला. "चूक तू दाखवलीस ना? मग दुरुस्तही तूच कर."

मी ओढणीचं टोक हातात घेतलं. एवढ्यात मन्तशानं बाविसावं पान आमच्या मध्ये धरलं.

"अम्मी, चुकलं की आमच्या बाई फुली मारतात. ही कुणाच्या चुकीची फुली गं? काकांच्या, का तुझ्या?"